शिलाँगला मुक्काम ठेवून दिवसभराच्या सहली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिलाँगमध्ये एकच हॉटेल धरायचं आणि रोज एका दिशेला जाऊन संध्याकाळी परत यायचं, हा मेघालय पाहण्याचा सोयीचा मार्ग आहे. रोज बॅगा बांधाव्या लागत नाहीत आणि लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी बरोबर असली तर त्यांना संध्याकाळी ओळखीची खोली मिळते. तरीही बऱ्याच जणांच्या सहली एकाच कारणाने अर्धवट राहतात. इथला दिवस किती लवकर संपतो, याचा अंदाज आलेला नसतो.

सकाळी किती वाजता निघावं?

साडेसहाला. फार तर सात.

घड्याळ आपलंच असलं तरी शिलाँग मुंबईच्या कितीतरी पूर्वेला आहे. नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबरच्या सुरुवातीला इथे सहाच्या आधी उजाडतं आणि साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. त्याच दिवसांत मुंबई-पुण्यात सूर्यास्त सहाच्या आसपास असतो, म्हणजे संध्याकाळचा दीड तास हातून गेला. जूनमध्ये तर साडेचारलाच उजाडतं, पण सूर्यास्त सव्वासहाला होतोच. डिसेंबरात नऊला निघालात तर हातात उजेडाचे साडेसात तास उरतात आणि त्यातले चार गाडीत जातात.

दुसरं कारण शहरातल्या वाहतुकीचं. रस्ते अरुंद आणि चढ-उताराचे आहेत. आठनंतर शाळा-ऑफिसच्या गाड्या सुरू झाल्या की शहराच्या मध्यावरच्या पोलीस बाजारातून गावाबाहेर पडायलाच पाऊण तास लागू शकतो. हॉटेलचा नाश्ता बहुतेक ठिकाणी आठच्या आधी मिळत नाही. म्हणून आदल्या रात्रीच ब्रेड-ऑम्लेट किंवा पराठे बांधून मागा, नाहीतर वाटेतल्या चहाच्या टपरीवर भागवा.

किती दिवस ठेवावेत आणि कुठल्या दिवशी काय करावं?

चार पूर्ण दिवस असले तर निवांत होतं. एक दिवस सोहरा (आपण ज्याला चेरापुंजी म्हणतो ते), एक दावकी आणि मावलिनाँग, एक जैंतिया टेकड्यांकडे जोवाई आणि क्रांग सुरी धबधबा, आणि एक दिवस लायतलुम, मावफ्लाँग आणि शहर. तीनच दिवस असतील तर जोवाईचा दिवस गाळा. दोनच असतील तर सोहरा आणि दावकी करा.

एक नियम मात्र मोडू नका: एका दिवशी एकच दिशा. सोहरा आणि दावकीचा रस्ता शिलाँगहून सुरुवातीला एकच आहे, उमतिंगारला फाटा फुटतो. नकाशात ते पाहून लोक एकाच दिवशी दोन्ही करायला जातात. दोन्ही रस्ते खोल दऱ्यांच्या कडेने जातात. घाटात तासाला पंचवीस-तीस किलोमीटरच्या वर सरासरी पडत नाही, त्यामुळे दोन्हीकडे फक्त वाहनतळ बघून परतावं लागतं.

सोहऱ्याच्या दिवशी कुठल्या क्रमाने फिरावं?

शिलाँग ते सोहरा सुमारे ५४ किलोमीटर, पावणेदोन ते दोन तास. बहुतेक चालक वाटेतला एलिफंट फॉल्स आधी दाखवतात, कारण तो शहरापासून १२ किलोमीटरवरच आहे. आमचं सांगणं उलट आहे: तो परतीला ठेवा. धबधबा तीन टप्प्यांचा आहे, बघण्यासारखा आहे, पण सकाळचा स्वच्छ तास तिथे घालवू नये. (ज्या हत्तीच्या आकाराच्या खडकावरून इंग्रजांनी हे नाव ठेवलं, तो १८९७ च्या भूकंपात ढासळला. तिथे हत्ती शोधत बसू नका.)

पहिला थांबा मावकडोकच्या पुलाजवळ. इथून पुढे रस्त्याची एक बाजू संपते आणि दरी सुरू होते. पंधरा मिनिटं पुरतात. मग वाटेत कुठेही न थांबता थेट नोहकालिकाई गाठा. हा ३४० मीटरचा, एका झेपेत कोसळणारा धबधबा आहे. त्याचा देखावा समोरच्या कड्यावरून दिसतो, म्हणजे मधे पूर्ण दरी आहे. ती ढगाने भरली की पांढऱ्या पडद्याशिवाय काहीच दिसत नाही. कोरड्या मोसमात सकाळी दरी मोकळी मिळण्याची शक्यता जास्त, दुपारी ढग चढत येतात. धुकं लागलंच तर लगेच गाडीत बसू नका. अर्धा तास थांबा, पडदा अचानक फाटतो आणि दोन-तीन मिनिटं पूर्ण धबधबा दिसतो. तिथल्या टपऱ्यांवर दालचिनीची साल आणि तमालपत्र मिळतं. साल बोटाने मोडून वास घेऊन मगच घ्या.

त्यानंतर मावस्माईची गुहा. दिवे लावलेला भाग दीडशे मीटरच्या आसपास आहे, पण मधे एक-दोन ठिकाणी वाकून, अंग तिरकं करून जावं लागतं. खाली पाणी आणि गुळगुळीत चुनखडी असते. गर्दीत माणसं पुढे-मागे अडकली की कोंडल्यासारखं होतं. दमा, गुडघेदुखी किंवा बंद जागेची भीती असेल त्यांनी ती सोडून आरवाहची गुहा बघावी. तिथे जायची वाट सोपी आणि गर्दी कमी, शिवाय भिंतीत शंख-शिंपल्यांचे जीवाश्म स्पष्ट दिसतात. हा सगळा चुनखडीचा कडा एके काळी समुद्राखाली होता, याची खूण तिथे हाताच्या अंतरावर आहे.

सेव्हन सिस्टर्स धबधबा (खासी नाव नोहस्न्गिथियांग) पावसाळ्याखेरीज बघायला गेलात तर पुष्कळदा कोरडा कडाच दिसतो. पण त्या कड्यावरून खाली बांगलादेशाचं मैदान पसरलेलं दिसतं, त्यासाठी दहा मिनिटं द्यावीत. जेवण सोहऱ्यात करून हिवाळ्यात अडीचला परत फिरा.

पावसाळ्यात जावं की हिवाळ्यात?

काय बघायचंय त्यावर ठरवा. बंगालच्या उपसागरावरून येणारे ढग सिल्हेटच्या सपाट मैदानावरून अडथळ्याविना सरकतात आणि एकदम हजारभर मीटर उंच कड्यावर आदळतात. म्हणून कड्यावरच्या मावसिनराम आणि सोहऱ्याला वर्षाला सरासरी ११,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, महाबळेश्वरच्या साधारण दुप्पट. शिलाँग मात्र त्या कड्याच्या मागे आहे, तिथे पाऊस त्याच्या साधारण पाचवा हिस्साच. त्यामुळे शिलाँगमध्ये ऊन आणि सोहऱ्यात मुसळधार, असं एकाच दिवशी होतं. हॉटेलच्या खिडकीतून हवामान ठरवू नका.

धबधबे हवेत तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर सर्वांत चांगला: पाणी भरपूर आणि धुकं कमी होत जातं. जून-जुलैत पाणी अफाट, पण दिसण्याची खात्री नाही आणि दरडी कोसळून रस्ते बंद पडतात. दावकीचं नितळ पाणी हवं तर नोव्हेंबर ते मार्च. आणि एक उलटी गोष्ट: जगात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या या भागात हिवाळ्यात पाण्याची टंचाई असते. माती पातळ, खडक सच्छिद्र, उतार तीव्र, त्यामुळे पडलेलं सगळं पाणी खाली वाहून जातं. सोहऱ्यात नळ जपून वापरा.

नोंग्रियातचा दुमजली जिवंत पूल एका दिवसात होतो का?

सोहऱ्याच्या खालच्या दरीतला, झाडांच्या जिवंत मुळांचा हा पूल एका दिवसात होतो, पण तो स्वतंत्र दिवस आहे. सोहऱ्याच्या इतर ठिकाणांना जोडून होत नाही. शक्य असेल तर या एका सहलीसाठी मुक्कामाचा नियम मोडा आणि एक रात्र सोहऱ्यात किंवा नोंग्रियातच्या घरगुती निवासात काढा.

शिलाँगहूनच करायचं असेल तर वेळापत्रक असं: पहाटे पाचला निघा, साडेसातला तिर्ना गाव. तिथे गाडी संपते. पुढे एका बाजूला सुमारे तीन किलोमीटर आणि तीन हजारांवर पायऱ्या. उतरायला दीड-दोन तास, चढायला अडीच-तीन. बाराला पुलावरून परत फिरलात तर तीनला वर, आणि काळोख पडता पडता शिलाँगच्या वेशीवर. यात रेनबो धबधबा बसत नाही. तो पुलाच्या पुढे जाऊन-येऊन आणखी अडीच-तीन तास घेतो आणि तोच हट्ट लोकांना अंधारात पायऱ्या चढायला लावतो.

सिंहगड-राजगड करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: आपल्याकडे आधी चढ असतो आणि दमलेलं अंग उतरताना सावरतं. इथे आधी उतार, मग चढ. खाली पोचल्यावर ताजंतवानं वाटतं, पण गुडघ्यांनी तोवर तीन हजार धक्के खाल्लेले असतात आणि खरी परीक्षा पुढे असते. पायऱ्या सिमेंटच्या असल्या तरी उंची सारखी नाही, एक वीतभर तर पुढची हातभर. सावलीत शेवाळ असतं. तिर्नाला बांबूची काठी नाममात्र भाड्याने मिळते, ती घ्याच. उतरताना काठी खालच्या पायरीवर टेकवून मगच पाय टाकायचा. माणशी दीड लिटर पाणी आणि मीठ-साखरेची पुडी ठेवा. वाटेत लिंबूपाणी, मॅगी मिळते. तारांच्या झुलत्या पुलांवर घोळक्याने न जाता एकेकाने जावं.

पूल रबराच्या वडाच्या मुळांचा आहे. नदीच्या दोन्ही काठांवरच्या झाडांची कोवळी मुळं पोफळीच्या पोकळ केलेल्या खोडांतून पलीकडे वळवतात आणि ती तिकडच्या मातीत रुजू देतात. माणसाचं वजन पेलण्याइतका पूल व्हायला पंधरा-वीस वर्षं तरी जातात. या पावसात लाकडी पूल कुजतो, हा मात्र दरवर्षी जाड होत जातो. म्हणूनच एका वेळी किती जणांनी उभं राहायचं याचा गावाचा नियम कसोशीने पाळा. मुळांना लोंबकळून फोटो काढू नका, पुलाची वाढती टोकं तीच असतात.

एवढ्या पायऱ्या झेपणार नसतील तर मावलिनाँगजवळच्या रिवाईचा एकमजली पूल पाहा. दहा-पंधरा मिनिटांच्या उतारावर आहे आणि कारागिरी तीच.

दावकीचं पाणी फोटोत दिसतं तसं खरंच असतं का?

असतं, पण योग्य महिन्यात आणि योग्य वेळी. दावकीच्या उमनगोट नदीचा तळ गोट्यांचा आहे. पाऊस थांबून गाळ बसला की नाव हवेत तरंगल्यासारखी दिसते, तिची सावली तळावर वेगळी पडते म्हणून. पावसाळ्यात पाणी गढूळ आणि वेगवान असतं, तेव्हा नौकाविहार बंद राहतो. सूर्य तिरका असला की पाण्यावर आभाळाचं प्रतिबिंब पडून तळ झाकला जातो, म्हणून दहा ते बारा ही नावेत बसण्याची उत्तम वेळ. ८२ किलोमीटरला तीन तास धरा, रस्त्याचं काम चालू असेल तर अर्धा तास जास्त. साडेसहाला निघणं इथेही त्यासाठीच.

गर्दी नको असेल तर नदीच्या वरच्या अंगाला श्नोंगप्डेंगला जा. पाणी तेच, नावा कमी.

दावकीत दोन गोष्टी हमखास गोंधळ करतात. एक, गाव सीमेवर असल्याने फोन बांगलादेशाचं नेटवर्क पकडतो आणि घड्याळ आपोआप अर्धा तास पुढे जातं. चालकाला दिलेली वेळ चुकते, शिवाय रोमिंगचं बिल येऊ शकतं. जाताना वाटेतलं पिनुर्स्ला गाव सोडलं की रोमिंग आणि घड्याळाची आपोआप वेळ, दोन्ही बंद करा. दुसरं म्हणजे कपडे. शिलाँग दीड हजार मीटर उंचीवर, दावकी जवळजवळ मैदानात. पहाटे स्वेटर लागतो आणि नावेत घाम येतो. आत पातळ सुती कपडे ठेवा.

परतीला पोंगतुंगच्या फाट्यावरून मावलिनाँग. स्वच्छ गाव म्हणून नाव झालंय ते खरं आहे, प्रत्येक अंगणात बांबूची शंकूच्या आकाराची कचराटोपली दिसेल. तासाभरात गाव पाहून होतं. लोक तिथे राहतात हे विसरून अंगणात शिरू नका.

क्रांग सुरीसाठी वेगळा दिवस द्यावा का?

पोहता येत असेल, आवडत असेल, तर जरूर. हिवाळ्यात या धबधब्याखालचा डोह निळा-हिरवा असतो. पाण्यात उतरायला लाइफ जॅकेट सक्तीचं आहे, ते तिथेच भाड्याने मिळतं. पाऊस असेल तर पाण्यात सोडत नाहीत. वाटेत नार्टियांगला वळलात तर जैंतिया राजांच्या काळातल्या प्रचंड उभ्या शिळा आणि दुर्गेचं जुनं मंदिर बघून होतं.

अर्धाच दिवस मोकळा आहे, काय करावं?

सकाळ मोकळी असेल तर स्मितमार्गे लायतलुम, साधारण पंचवीस किलोमीटर. पठार चालता चालता संपतं आणि पुढे नुसत्या दऱ्या. नऊच्या आत पोचलात तर मोकळं दिसतं. कठडे सगळीकडे नाहीत, मुलांचा हात सोडू नका.

दुपार मोकळी असेल तर मावफ्लाँगची देवराई. कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या देवराया ज्यांनी पाहिल्यात त्यांना ही जागा लगेच आपली वाटेल. नियमही ओळखीचा: आतलं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही. स्थानिक वाटाड्या घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत आणि ते बरंच आहे. बाहेर माळरान, आणि दहा पावलं आत गेलं की अंधार, ओल, खोडांवर शेवाळ आणि आमरी, पायाखाली पानांचा वीतभर थर. वाटाड्या बळीच्या शिळा दाखवतो, रुद्राक्षाची झाडं दाखवतो. तासाभराचा फेरा घ्या, अर्ध्या तासाच्या फेऱ्यात जंगल नीट सुरूही होत नाही. बूट झटकूनच गाडीत बसा. बियासुद्धा तिथल्या तिथेच राहू द्याव्यात.

गाडी कशी ठरवावी?

चौघं असाल तर दिवसभराची टॅक्सी सोयीची. भाव मोसमाप्रमाणे बदलतो, म्हणून आकड्याआधी चार गोष्टी बोलून घ्या: कुठकुठली ठिकाणं, परतीची वेळ, वाहनतळाचे पैसे कोणाकडे, आणि ठिकाण वाढलं तर किती जादा. ‘चेरापुंजी टूर’ एवढंच ठरवलं की वाद होतो, कारण चालकाच्या यादीत आरवाह नसतं आणि तुमच्या यादीत असतं. गुवाहाटीहून आणलेली आसाम पासिंगची गाडी स्थानिक स्थळांवर फिरवायला इथल्या टॅक्सी संघटनांचा अधूनमधून विरोध असतो. ती गाडी फक्त ये-जा करण्यापुरती ठेवावी.

एकट्या-दुकट्यासाठी बडा बाजार (इव्दुह) भागातून सोहरा, दावकीकडे शेअर सुमो सुटतात. भरल्या की निघतात. परतीच्या मात्र दुपारनंतर विरळ होतात. उतरतानाच शेवटची गाडी किती वाजता, ते विचारून ठेवा. राज्याच्या पर्यटन महामंडळाची सोहऱ्याची बसही असते, त्याचं लघुरूपही आपल्यासारखंच एमटीडीसी. शोधताना मेघालय असं लिहा, नाहीतर महाबळेश्वरची निवासं समोर येतील.

चालकाला किंवा दुकानदाराला ‘बाह’ आणि बाईंना ‘काँग’ म्हणा. आपल्या दादा-ताईसारखंच आहे. ‘खुब्लेई’ म्हणजे आभार.

रविवारी काय उघडं असतं?

रविवार चर्चचा. बडा बाजार आणि बरीचशी दुकानं बंद, शेअर गाड्या अगदी कमी. मावलिनाँगसाठी रविवार टाळाच. स्वतःची टॅक्सी असेल तर रविवारी लायतलुम किंवा सोहऱ्याचे कडे पाहता येतात, रस्ताही मोकळा मिळतो. खाणं मात्र बरोबर घ्या.

शाकाहारी जेवण मिळतं का?

पोलीस बाजारात भरपूर. शहराबाहेर भात-डाळ-बटाटा एवढं गृहीत धरा. रस्त्याकडेच्या छोट्या खाणावळींत डुकराचं मांस हाच मुख्य पदार्थ असतो आणि जादोह म्हणजे मांसासोबत किंवा रक्तासोबत शिजवलेला भात. नुसता ‘व्हेज’ हा शब्द पुरत नाही. ‘मांस नको, मासळी नको, सुकी मासळीही नको’ असं सांगा, कारण चटणीत सुकी मासळी (तुंगताप) असते. ठेपले, दशम्या, शेंगदाण्याची चटणी बरोबर असली की दिवस निर्धास्त जातो.

जेवणानंतर ‘क्वाई’ पुढे केली जाते: ओली सुपारी, पान, चुना. आपल्या विड्याची सवय असली तरी ही सुपारी आंबवलेली आणि जहाल असते. कान तापतात, घाम फुटतो, गरगरतं. पहिल्यांदा अर्धाच तुकडा घ्या, आणि घाटात निघण्याआधी नकोच.

परवाना, पैसे, औषधं?

भारतीय नागरिकांना मेघालयासाठी इनर लाइन परमिट लागत नाही. मूळ ओळखपत्र मात्र रोज खिशात हवं. शिलाँग पीक हे शहराजवळचं शिखर हवाई दलाच्या हद्दीत आहे आणि तिथला प्रवेश वेळोवेळी बंद असतो, आदल्या दिवशी विचारूनच जा.

दहा, वीस, पन्नासच्या नोटा भरपूर ठेवा. जवळपास प्रत्येक ठिकाणी प्रवेश, वाहनतळ आणि कॅमेऱ्याचे थोडे थोडे पैसे स्थानिक मंडळी घेतात आणि रेंज नसली की ऑनलाइन पैसे जात नाहीत. गाडी लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी, घाट सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो. पावसाळ्यात जळवा असतात. पॅंट मोज्यात खोचा, मिठाची पुरचुंडी ठेवा, जळू ओढून काढू नका.

परतीच्या दिवशी काही बघून होतं का?

उमियम तलाव. तो गुवाहाटीच्या रस्त्यावरच, शिलाँगपासून पंधरा-सतरा किलोमीटरवर आहे, त्यामुळे त्यासाठी वेगळा दिवस काढू नका. गुवाहाटी विमानतळ सुमारे १२० किलोमीटर. साडेतीन तास धरा, पण गुवाहाटीच्या वेशीवरच्या जोराबाटपासून पुढे शहराची वाहतूक लागते. विमानाच्या वेळेच्या सात तास आधी शिलाँग सोडा. त्यात उमियमला अर्धा तास आणि वाटेत नोंगपोहला चहा, अननस, दोन्ही बसतं.